कारभारीसाठी जागा

प्रिय लहानी,

तुझ्या बुधूदादाचे आशीर्वाद. पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. दिवाळीत तुझ्या अनंताने सुका जवळा आणि बोंबील आणून दिले, ते तेव्हाच चुलीवरच्या शिंक्यात टांगले, आणि पोचल्याचं कळवायला मी आता शिमगा तोंडावर आल्यावर बसलो आहे. रोज वाटायचं, आज लिहू. मग वाटायचं, एवढ्यासाठी काय लिहायचं. एकदा अर्धं लिहून झालं आणि पेन बंद पडलं. पुन्हा लिहिलं ते माझं मलाच लागेना, चुलीत घातलं. फोन का नाही केला असं तू म्हणशील. पण तुला कमी ऐकू येतं म्हणून सूनबाई फोनचा आवाज मोठा ठेवते, आणि मी बोलतो ते तुमच्या ओटीवर तांदूळ निवडत बसलेल्या बायांपर्यंत जातं. मागे पोट साफ होत नाही एवढंच तुला सांगितलं, तर डोळखांबच्या बाजारात एका अनोळखी माणसाने मला हाक मारून विचारलं, "काय बाबा, आता झालं का मोकळं?" म्हणून हे पत्र. तू साक्षरतेच्या वर्गाला जाऊन बोट ठेवून वाचायला शिकलीस, तशीच आताही बोट ठेवून एकटी बसून वाच. कोणाकडून वाचून घेऊ नकोस. चष्मा सापडत नसेल तर आधी चष्मा शोध, पण घाईने दुसऱ्याच्या हाती देऊ नकोस.

जे झालं ते आधी सांगून टाकतो. आमच्या कारभारीने भेकराचं पिल्लू मारलं. ग्रामसभेचा नियम आहे की ज्याचं कुत्रं रानातलं जनावर मारील त्याने ते कुत्रं वाडीबाहेर द्यायचं. मला होळीपर्यंतची मुदत आहे. होळी आलीच आहे आणि त्याला ठेवायला जागा मला मिळालेली नाही.

कारभारी तुला आठवत असेल. तुझी बाईजावहिनी गेली, तिच्या दिवसांना तू आलीस तेव्हा तुझ्या पायाशी येऊन पडायचा तो तांबडा कुत्रा. नाव तिनेच ठेवलं होतं. पिल्लू असल्यापासून त्याची सवय, सकाळी उठला की प्रत्येक दारात जाऊन उभा राहणार, कोणाच्या चुलीवर काय आहे ते बघणार आणि पुढच्या दाराला जाणार. बाईजा म्हणाली, "हा निघाला बघा वाडीचा कारभारी." मी म्हटलं, मग मी कोण गो? तर म्हणे, "तुमी त्याच्या हाताखाली." सगळ्या बाया हसल्या होत्या. ती गेल्यावर काही दिवस तो दारात जाऊन उभा राहीना, घरातच बसून राही. मग हळूहळू जायला लागला. तो गेला की मी बाहेर बसून तो कुठपर्यंत पोचला ते बघायचो. अलीकडे त्याची फेरी लवकर संपायची, कारण निम्म्या दारांना कुलूप असतं.

तू म्हणशील, एका भेकरावरून एवढं काय झालं. आपले आबा पारधीवरून भेकर घेऊन आले की घराघरात वाटा जायचा, आणि आपण दोघं काळजाच्या तुकड्यावरून भांडायचो. ते खरं. पण तू लग्न होऊन खर्डीला गेलीस तेव्हाच डोंगर बोडका झाला होता. ठेकेदाराने साग नेला, कोळसेवाल्यांनी मधली झाडं नेली, आणि उरलं ते आपण संपवलं. दरवर्षी भाताच्या रोपांची जमीन भाजायला पाल्या-फांद्यांचा राब लागायचा, आणि राबासाठी आपण ऐनाची झाडं शेंड्यापर्यंत सोलायचो. झाडं नुसती खुंट्यांसारखी उभी. तू एकदा माहेरपणाला आलीस आणि म्हणालीस, "दादा, उन्हात उभं राहायला सावली नाय राहिली रे." भेकर तर सोडच, साधा होला दिसायचा नाही. पोरांनी गलोरीने चिमण्यासुद्धा संपवल्या होत्या.

मग रानावरच्या हक्काचा दावा मंजूर झाला आणि डोंगर वाडीच्या ताब्यात आला. तेव्हापासून आम्ही नियम केले. वरच्या अंगाला गुरं न्यायची नाहीत. ओली फांदी तोडायची नाही, राब करायचा तो गवताचा आणि गळलेल्या पाल्याचा. पावसाळा संपला की डोंगराच्या कडेने गवत कापून मोकळा पट्टा काढायचा, म्हणजे वणवा आला तर तिथे अडतो. आणि राखणीची पाळी घराघरांत फिरती. कोंडूची सून चंद्रकला अध्यक्ष झाली. आपला कोंडू, शेजारचा, तोंडाचा फटकळ, तो अजून तक्रार करतो, "घरात पन हिचीच ग्रामसभा, डोंगरावर पन हिचीच." पण पाळी चुकवत नाही. आमची पाळी असली की बाईजा पुढे आणि मी मागे. एकदा पलीकडच्या वाडीचा माणूस ऐनावर कुऱ्हाड घालताना सापडला. मी घाबरून झुडपाआड थांबलो, तो दांडगा होता. ही सरळ गेली, फडक्यातली भाकर सोडली आणि म्हणाली, "कुऱ्हाड हितं ठेव आनं भाकर खा. भूक लागली आसंल तोडून तोडून." तो बसला, खाल्ली आणि कुऱ्हाड न मागता निघून गेला.

आता रान वाढलं आहे, लहानी. किती वाढलं ते तुला लिहून कळणार नाही. गेल्या साली मी माझ्याच डोंगरात वाट चुकलो. ज्या खुंट्यांवर आपण चढायचो त्यांचा शेंडा आता मान मागे टाकल्याशिवाय दिसत नाही. रानकोंबडे ओरडतात, मोर येतात, शेकरूने वरच्या अंगाला घरटी बांधली आहेत, भेकरं आहेत, डुकरं तर फारच आहेत. आणि वाघ आहे. सरकारी माणसं बिबट्या म्हणतात, आपण वाघच म्हणतो. ओढ्यात त्याचं पाऊल पहिल्यांदा उमटलं तेव्हा चंद्रकलेने वाडीत नारळ फोडला. मीही हात जोडले. मग तो वाडीतली कुत्री उचलायला लागला. कोंडूची दोन नेली, वरच्या घराची नेली. कारभारी वाचला तो घरात माझ्या अंथरुणाशेजारी झोपतो म्हणून. डुकरांनी उतारावरच्या वरकस जमिनीतली नाचणी खाल्ली, तशी एकेकाने वरची शेतं सोडली. पोरं आधीच कल्याणला, भिवंडीकडे गोदामात. आता त्यांच्या बायकाही पोरं घेऊन गेल्या, दिवस मावळला की बाहेर पडता येत नाही म्हणतात. त्यांचं चुकत नाही. रान राखलं हे बरं झालं का, असं कोणी साहेब विचारायला आला तर मी हो म्हणतो, आणि ते खोटं नसतं. पण साहेब जीपमध्ये बसून गेला की मी जेवायला एकटाच बसतो, तेही खोटं नाही.

कुत्र्यांचा नियम मी मांडला होता. पलीकडच्या वाडीची पोरं चार चार कुत्री घेऊन रानात शिरायची आणि विचारलं तर म्हणायची, आमी नाय मारलं, कुत्र्यानं मारलं. म्हणून सभेत मी उठून म्हटलं की कुत्र्याने मारलं तरी मालकाला भोगायला लावा. सगळ्यांनी हात वर केले. पोरांनी कुत्री आणणं बंद केलं. फार चांगला नियम आहे तो, अजूनही मला तसंच वाटतं.

गेल्या उन्हाळ्यात वरचे झरे आटले म्हणून जनावरांसाठी पाणवठा करायचं ठरलं. डोंगरावर करायचा तर बायांनी डोक्यावरून पाणी न्यायचं कसं? म्हणून आम्ही तो वाडीच्या वरच्या बांधापाशीच केला. दगड लावले, खाली प्लास्टिक घातलं, बाया विहिरीवरून येता येता एकेक हंडा ओतायच्या. सगळे खूश. पाणी जवळ तर जनावर जवळ आणि जनावर जवळ तर कुत्रं जवळ, हे एवढ्या माणसांत एकालाही सुचलं नाही. मलाही नाही. मी तर दगड वाहिले.

यंदा थंडी सरता सरता एक भेकर पिल्लू घेऊन पाण्यावर यायला लागलं. बाया कौतुकाने उभ्या राहून बघायच्या. मी कारभारीला दोरीने बांधायला लागलो. दिवसभर बांधलेला राहिला की तो असा रडायचा की कोंडू ओरडायचा, "आरं, सोड त्याला नायतर मला तरी बांध." एके दिवशी सकाळी त्याने दोरी चावली. मी भाताचा पेंढा नीट करत होतो. बघतो तर हा दारात. तोंडातलं पिल्लू त्याने उंबऱ्यावर ठेवलं, मागे सरून बसला आणि शेपटी हलवायला लागला. घुशी मारून आणायचा तेव्हा बाईजा त्याची पाठ थोपटायची ना, तो तसाच वाट बघत बसला होता. पिल्लाच्या अंगावर जखम म्हणावी अशी दिसत नव्हती, नुसती मान लोंबत होती, कान अजून ऊन होते. विहिरीवरून बाया त्याच वेळी परतत होत्या. सगळ्यांनी पाहिलं. मी त्याला मारायला काठी उचलली आणि मारता आलं नाही. कोंडू आला, बघितलं, म्हणाला, "झालं. कारभारी गेला कामातून."

दुपारी चंद्रकला आली. ती माझ्याशी कधी वरच्या आवाजात बोलत नाही. पिल्लू पुरल्याची जागा बघितली, पाणी मागून प्याली आणि म्हणाली, "बुधूबाबा, आमी सगळ्यांनी बोलून बघितलं. तुमचं एकच कुत्रं हाय. यावेळी सोडून देऊ. बांधून ठेवा म्हंजे झालं." मला तेव्हा पाया पडावंसं वाटलं तिच्या. तोंडातून मात्र 'नको' निघालं. मी म्हटलं, पोरी, उद्या पलीकडची पोरं कुत्री घेऊन आली तर काय सांगशील? ती म्हणतील, बुधूचं चालतं मग आमचं का नाय. ती म्हणाली, "मला म्हाईत होतं तुमी हेच बोलाल. म्हनून तर मी येत नव्हते." होळीपर्यंतची मुदत तिने आपणहून दिली. जाताना पदराने डोळे पुसले तिने, मी बघितलं.

तेव्हापासून मी जागा शोधतो आहे. माझ्या शामला फोन केला. तो आसनगावला वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. म्हणाला, "बाबा, हितं मालक मांजर ठेवू देत नाय. सोडून द्या कुठं रस्त्यावर, कुत्रं जगतं." मग म्हणाला, "तुमीच या ना पण इकडं." त्याचं मन चांगलं आहे. पावसाळ्यात मी गेलो होतो त्याच्याकडे. तो आणि सून सकाळी लोकलला जायची, जाताना बाहेरून कडी नको म्हणून आतून लावून घ्यायला सांगायची. मी दिवसभर ती लावली आहे का बघायचो. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत. कोणाशी आपल्या बोलीत बोलावं तर खालचा वॉचमन परप्रांतातला. भात लावणीला जातो म्हणून निघून आलो, ते परत गेलोच नाही.

कोंडूने सुचवलं, माळशेजच्या रस्त्यावर हॉटेलं आहेत, सहलीची माणसं कुत्र्यांना वडे घालतात, तिथे सोड. मी त्याला घेऊन वैशाखऱ्यापुढे चालत गेलो. हॉटेलवाला भला माणूस होता, "राहूंदे" म्हणाला. कारभारीने लगेच त्याच्या भटारखान्याच्या दारात उभं राहून आत काय आहे ते बघून घेतलं. मी उठलो आणि मागे न बघता निघालो. थोडं पुढे गेलो तर रस्त्याच्या कडेला गाडीखाली सापडलेलं एक कुत्रं पडलेलं, त्याचाही रंग तांबडा. मी परत फिरलो. हॉटेलवाला हसला, "काय आजोबा, विसरलात काय?" मी म्हटलं, होय, काठी विसरलो. काठी माझ्या हातातच होती.

आता तो घरात बांधलेला असतो. ते भेकर अजून पाण्यावर येतं. दिवसाढवळ्या बांधावर उभं राहून कुत्र्यासारखं भुंकतं, थांबतं, परत भुंकतं. पिल्लाला हाक घालत असेल. ते ओरडलं की कारभारी कान उभे करून दाराकडे बघतो आणि मग माझ्याकडे बघतो. मी पंचा डोक्यावरून घेऊन बसतो. काल कोंडूला म्हटलं, तुला ते ऐकून काही होत नाही का रे? तो म्हणाला, "मला आता कमी ऐकू येतं, बरं झालं." त्यालाही त्याचा मुलगा शिमग्यानंतर कल्याणला नेणार आहे. चंद्रकला वाडीतच राहणार, सासरा जाणार. तो गेला की माझ्याखेरीज आपल्या आबांना पाहिलेलं माणूस वाडीत उरणार नाही.

तुझ्याकडे अंगण आहे, गोठ्याला पडवी आहे, आणि तुमच्या बाजूला वाघाचा तेवढा त्रास नाही असं अनंता म्हणाला होता. तू हे वाचता वाचता मनात म्हणाली असशील, दादाने कुत्र्यासाठी एवढं लांबण का लावलं, सरळ पाठव म्हणायचं. लहानी, मला ते सरळ लिहिता येत नव्हतं म्हणून दिवाळीपासून पत्रं चुलीत जात होती. तेव्हा तर पिल्लूही मेलं नव्हतं. कारभारीबरोबर मीही आलो तर चालेल का? भाऊ बहिणीच्या दारी राहायला जात नाही, हे मला ठाऊक आहे. मी आलो तर तुझं माहेर बंद होईल आणि लोक शामला बोल लावतील, हेही ठाऊक आहे. चंद्रकलेला मी अजून सांगितलेलं नाही, पाळीला माणूस कमी पडेल म्हणून तोंड उघडत नाही. मी पडवीत झोपेन. गुरांचं बघेन, अजून वाकता येतं मला. सूनबाईला सांग, म्हातारा तिखट खात नाही आणि फार बोलत नाही. एसटीत कुत्र्याला घेत नाहीत, म्हणून आम्ही डोळखांबवरून चालत येऊ, वाटेत एक मुक्काम करू. तुला नुसता कारभारी ठेवणं जमत असेल तर तेही मोकळेपणाने कळव, मी त्याला पोचवून परत येईन. पण तो माझ्या मागे येईल ग, आणि त्याला दगड मारून मागे फिरवायला लागेल, ते माझ्याच्याने होईल का माहीत नाही. नाही म्हणालीस तरी मी रुसणार नाही. फक्त गप्प राहू नकोस. अनंताला फोन करायला लावू नकोस, तूच दोन ओळी लिही, अक्षर वाकडं आलं तरी मला लागतं. होळीच्या आत कळव, लहानी. पोस्टमन वैशाखऱ्यापर्यंतच येतो, उद्यापासून मी रोज तिथे जाऊन बसणार आहे.

तुझाच दादा,
बुधू